झोळीची दोरी आणि माझा अंगठा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण ही वही कोणाला दाखवायची असं काही ठरवलेलं नाही. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. नंतर कितीतरी वर्षं सही सोडून हाताला लिहायचं काम पडलं नाही. या वहीची पहिली पानं तर अंधारात, मोबाइलच्या उजेडात, एका हाताने लिहिलेली आहेत. त्यांतल्या ओळी कुठून कुठे गेल्यात ते मलाच लावून वाचावं लागतं.

त्या पानांवर दुसरं काही नाही. माझी नात रात्री किती वाजता उठली, किती वेळ रडली आणि परत कधी झोपली, एवढंच आहे. मागची पानं कोरी राहिली आहेत. ती फुकट घालवण्यापेक्षा त्या दिवसांचं लिहून ठेवते.

आमचं घर कडावच्या जवळ आहे. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. मुलगा टेंपो चालवतो. रात्री भाजी भरून वाशीला जातो आणि उजाडल्यावर परत येतो. सून रसायनीच्या एका कंपनीत आहे. तिथं औषधात घालायची पावडर बनते, ती तपासायच्या खोलीत तिचं काम. तिचं माहेर खालापूरकडचं. बाळंतपणाला ती तिकडे गेली आणि चौथ्या महिन्यात नातीला घेऊन आमच्याकडे आली.

त्या येणार म्हणून मी आदल्या दिवशी पेटीतून सासूबाईंचं जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालेलं. मधल्या खोलीत आढ्याला त्याची झोळी बांधली. झोळीला दोरी लावली आणि दोरीचं दुसरं टोक रात्री माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. ही रीत मला सासूबाईंनी शिकवलेली. दिवसभर लावणी करून आलेली बाई रात्रभर बसून झोका कशी देणार? म्हणून दोरी अंगठ्याला बांधायची आणि खाली आडवं व्हायचं. बाळ हललं की दोरी हलते, की आपण डोळे न उघडता पाय हलवायचा. माझा मुलगा असाच वाढला. मला फारसं काही येत नाही, चारचौघांत बोलायला तर मुळीच येत नाही, पण मूल निजवायला येतं असं मी समजून चालले होते. सुनेला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की रात्रीची काळजी तू करू नको, दूध पाजायला तेवढी उठवीन.

पण नात काही झोपेना. म्हणजे झोपायची छान, आठाच्या सुमारास. मग दहाला उठायची, साडेअकराला उठायची, एकला, दोनला, पहाटे दोन वेळा. भूक असली तर दूध पिऊन झोपेल, पण ती दूध नको म्हणून तोंड फिरवायची आणि रडायची. मी झोका द्यायची, उचलून अंगणात नेऊन चांदण्या दाखवायची, पाठीवर थोपटायची. खांद्यावर झोपली म्हणून झोळीत ठेवावी तर लुगड्याला पाठ टेकायच्या आत डोळे उघडे. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. टाळूला तेल घातलं. पोटाला हिंग लावला. शेजारणीने सांगितलं म्हणून झोळीच्या गाठीत ओव्याची पुरचुंडी बांधली, तिने झोळीला चांगला वास आला, बाकी काही झालं नाही.

हे एका रात्री उठून बसले आणि म्हणाले, "बाप रातचा टेंपो चालवतो ना, म्हणून ती बी रातपाळी करते."

मी म्हटलं, "मंग तुमी द्या तिला पगार."

हसलो आम्ही, पण सून हसली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. तिची रजा संपून गेली होती. वर महिनाभर तिने बिनपगारी घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारी फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, ते माझ्या कानावर पडलं. कंपनीतल्या साहेबांनी सांगितलं होतं की जानेवारीच्या एक तारखेला हजर व्हा, नाहीतर त्या जागेवर दुसरी मुलगी घेणार. आणि ही सांगत होती की मला वजनाच्या एका काट्याचे सुद्धा दोन दिसतील आता, अशा डोळ्यांनी मी तिथं उभी कशी राहू. सोडते नोकरी.

मी भांडी घासत होते, ती तशीच ठेवली.

माझं माहेर पोशीरचं. मी चौथीत असताना माझा धाकटा भाऊ झाला. आई शेतावर जायची, तो झोळीत असायचा आणि मी झोका देत पाढे म्हणायची. एकोणीसपर्यंत झाले होते. पाचवीला नाव घालायची वेळ आली तेव्हा झोका द्यायला घरात कोणीतरी लागतच होतं. शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या, पण नाही झालं. त्याचं मला फार वाईट वाटतं असं नाही, भाऊ माझा गुणाचा आहे आणि अजून भाऊबीजेला पहिला येतो. पण विसाचा पाढा सोपा असतो म्हणतात, तो मी सुनेकडून शिकले. ती बारावी होऊन पुढे शिकलेली. तिची नोकरी झोळीपायी जाऊ द्यायची नाही, एवढं मी त्या दिवशी मोरीत बसून ठरवलं.

कर्जतला एका दुकानात मी विजेचा पाळणा पाहिला होता. बटण दाबलं की आपोआप हलतो. चार हजार रुपये. मुलाच्या टेंपोचा हप्ता असतो, त्याला विचारायचं नव्हतं. म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी हात वर केला. चार वर्षांत पहिल्यांदा. अध्यक्ष बाईंना वाटलं मला पाणी हवंय. मग मी कर्ज पाहिजे म्हटलं, त्यांनी कशासाठी विचारलं, आणि मी खाली बघून पाळणा घ्यायचाय म्हणून सांगितलं.

अध्यक्ष बाईंनी लिहायला पेन उघडलं. मग मागून एक जण म्हणाली, "या वयात गं?"

सगळ्या बायका पडून पडून हसल्या. मला घाम फुटला. पण कर्ज मिळालं.

पाळणा आला. वर प्लास्टिकचे तीन पक्षी फिरायचे. नातीला तो अतिशय आवडला. इतका आवडला की रात्री दोन वाजता ती त्या पक्ष्यांकडे बघून हात हलवायची आणि खदखदून हसायची. झोपली तरी पाळण्याचं यंत्र वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं, ते बंद झालं की ही उठायची, मग कोणीतरी उठून बटण दाबायचं. आणि आमच्याकडे वीज रात्रीची जाते ती जातेच. आठ दिवसांत मी परत झोळी बांधली आणि दोरी अंगठ्याला. पाळण्यात मांजर झोपू लागलं. त्याला झोका लागत नव्हता.

डिसेंबर लागल्यावर आम्ही दोघी नातीला कर्जतला डॉक्टर बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला तपासलं, वजन केलं, तिनं त्यांच्या गळ्यातली नळी ओढली. मूल एकदम चांगलं आहे म्हणाल्या. एवढंच सांगितलं की आता ती वळते, बसायला बघते, तेव्हा झोळीतून पडेल. सपाट अंथरुणावर, पाठीवर निजवा. आणि रात्री कधी कधी उठते ते पंधरा दिवस लिहून आणा. मग त्या सुनेशी बराच वेळ बोलत होत्या. मी नातीला घेऊन बाहेर आले होते, मोठ्या माणसांच्या बोलण्यात बसायला मला अवघड होतं.

येताना सुनेने ही वही घेतली. रात्री जागी मी, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं मला कुठं लिहिता येतं. ती म्हणाली, आकडे तर येतात ना.

झोळी मात्र मी सोडली नाही. अंथरुणावर घातली की रडते, पंधरा दिवस लिहायचे आहेत तेवढे होऊ दे, असं मी म्हणाले. खरं म्हणजे ती दोरी सोडायला माझं मन तयार नव्हतं. सून काही बोलली नाही.

आठ रात्री लिहिल्या. सहा वेळा, सात वेळा, सहा वेळा. नवव्या दिवशी संध्याकाळी धार काढताना गाईने माझ्या उजव्या पायावर पाय दिला. अंगठा वांग्यासारखा झाला. हळद लावून पट्टी बांधली. त्या अंगठ्याला दोरी कशी बांधणार? डाव्याला बांधून पाहिली तर झोळी उजवीकडे, दोरी माझ्याच अंगावरून जायची. शेवटी दोरी तशीच लोंबत ठेवली आणि ठरवलं की रडली की उठून झोका देऊ.

दहाच्या सुमारास ती कण्हली. मी कुशीवर झाले, हाताच्या आधाराने बसले, पाय सरळ केला, अंगठा ठणकला, आई गं म्हटलं, भिंत धरून उठले. या सगळ्याला दोन मिनिटं तरी लागली असतील. झोळीपाशी जाऊन बघते तर ती झोपलेली. तोंड हलवत होती, जसं स्वप्नात काही खातेय. मी लिहिलं, "10 वाजता उठली. आपोआप झोपली." आपोआप हा शब्द लिहायला मला फार वेळ लागला.

साडेअकरालाही तसंच. एकला ती खरीच उठली, भुकेची रडली, सुनेने पाजली आणि ती झोपली. मग थेट पाच वाजता. मी रात्रभर जागी, हिला काही झालं तर नाही ना म्हणून दर थोड्या वेळाने तिच्या नाकापाशी बोट धरत होते.

तीन रात्री असंच. मी मनात म्हटलं डॉक्टर बाईंनी वजन केल्याचा गुण आला. चौथ्या दिवशी अंगठ्याची सूज उतरली, तशी मी परत दोरी बांधली. सवयच ती. आणि त्या रात्री पोर सहा वेळा उठली.

सकाळी मी चुलीपाशी बसले होते. हे चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले. रात्री त्यांना खोकला होता म्हणून ते बराच वेळ जागे होते. माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "एक सांगू का, रागावणार नाय ना?"

मी म्हटलं सांगा.

"तुझा पाय झोपेत चालतो. पोर गप पडलेली असते. तू पाय झटकतेस, झोळी हिंदकळते, मंग ती उठते. मी तीनदा बघितलं. आधी तू, मंग ती."

मी म्हटलं काहीतरीच. ते म्हणाले वही बघ. मी वही आणली. दोरी असलेल्या नऊ रात्री आणि नसलेल्या तीन. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं सगळं. सहा, सात, सहा, सात, आणि मग दोन, दोन, एक, आणि परत सहा. बाळ झोपेत जरा कुशीवर होतं, कण्हतं, डोळे किलकिले करतं, ते काही जागं होणं नसतं. ते आपलं आपण परत झोपेत जायला निघालेलं असतं, आणि मी दर वेळी त्याला झोक्याने ओढून बाहेर काढत होते. दिवसभर पायाला भातलावणी असायची तेव्हा माझा पाय रात्री मेल्यासारखा पडायचा, म्हणून मुलाच्या वेळी हे झालं नसेल. आता शेतात लावणी यंत्राने होते, पायाला तेवढं काम नाही. तो रात्री फिरत असणार. हा माझा अंदाज, खरं देव जाणे.

मला हसू यावं की रडू तेच कळेना. तीन महिने पोरीला मी जागवलं, तिच्या आईला मी जागवलं, वर चार हजारांचं कर्ज केलं.

सून आंघोळ करून आली तेव्हा मी तिला सांगितलं. तिच्याकडे न बघता, चुलीत काटकी सारत सांगितलं. मग वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले, आणि तोंडाने हसत होती.

"आई, डॉक्टर बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. कण्हली की लगेच हलवू नका, उचलू नका, पोटावर हात ठेवून जरा थांबा. झोका कमी करा."

"मंग बोलली का नायस?"

"तुमी माझ्यासाठी रातभर जागत होता. तुमाला कसं सांगू की जागू नका?"

मी चौथी शिकलेली आणि भित्री, म्हणून बोलत नाही, असं मी समजत होते. ही एवढी शिकलेली, कंपनीत साहेबांशी बोलते, आणि माझ्यासमोर तिची तीच गत. आम्ही दोघी एका खोलीत तीन महिने एकमेकींना जपत जाग्या राहिलो. हे म्हणाले, "तुमच्यात ती पोरच काय ते बोलत होती." आणि कप विसळायला निघून गेले.

त्याच दिवशी झोळी सोडली. लुगडं धुऊन वाळत घातलं. रात्री जमिनीवर घट्ट गादी घालून नातीला तिच्यावर पाठीवर निजवलं, एका बाजूला सून, एका बाजूला मी. उशी नाही, दुपटी नाहीत, दोरी नाही. पहिल्या रात्री ती चिडली. झोका कुठं गेला म्हणून पाय आपटले. माझा हात आपोआप तिच्याकडे जायचा आणि अंधारात सुनेचा हात येऊन तो धरायचा.

"थांबा, आई."

"किती थांबू गं? रडतेय ती."

"रडत नाय, कुरकुरतेय. ऐका नीट."

मी ऐकलं. खरंच वेगळं होतं. रडणं वर वर चढत जातं आणि कुरकुर खाली खाली येते. एवढं मला आजवर कळलं नव्हतं, कारण ऐकायला मी थांबलेच नव्हते. ती वर चढली की सून तिच्या पोटावर हात ठेवायची आणि हळू आवाजात एकच शब्द परत परत म्हणायची, "हाय, हाय, हाय." म्हणजे मी आहे इथं. त्याचाच सूर झाला. खरी रडली तर उचलायचो, पाजायचो, उगीच रडत कधी ठेवली नाही. पण झोप डोळ्यांवर असतानाच खाली ठेवायचो, म्हणजे झोपेत शिरायचं काम तिचं ती करायची.

दुसऱ्या रात्री बरं. तिसऱ्या रात्री पुन्हा जास्त रडली, मी म्हटलं झालं, गेली नोकरी. पाचव्या रात्री एकदाच उठली. त्यानंतरच्या पानांवर मी रोज एकच ओळ लिहिली आहे.

वर्ष संपायला आलं तेव्हा शेतात वालाच्या शेंगा भरल्या होत्या. एके संध्याकाळी अंगणापलीकडे आम्ही पोपटी लावली, भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी मडक्यात घालून वरून जाळ केला. मुलाची त्या दिवशी सुट्टी होती. मडकं फोडलं, चुलत घरातली पोरं गलका करत होती, आणि मी दर पाच मिनिटांनी घरात जाऊन बघून येत होते. नात गादीवर दोन्ही हात डोक्याशी टाकून झोपली होती. शेवटी मुलगा म्हणाला की आई, आता तूच तिला उठवशील. मी बसले आणि गरम शेंगा पोटभर खाल्ल्या.

एक तारखेला सून डबा घेऊन निघाली. मुलाने वाशीहून आल्या आल्या तिला मोटरसायकलवर चौक गावापर्यंत सोडलं, तिथून कंपनीची गाडी. संध्याकाळी आली तेव्हा मी दारातच विचारलं, काटे किती दिसले? एकच, ती म्हणाली. तिने पाय धुतले आणि पोरीला पोटाशी घेतलं.

दिवसभर नात माझ्याकडे असते. दुपारी तिला झोप आली की मी तिच्या बाजूला बसून बिरड्याचे वाल सोलते. ती कुरकुरते. मी "हाय, हाय" म्हणते आणि सोलत राहते. ती जाते झोपी. ते सोललेले वाल मी कर्जतच्या बाजारात देते आणि त्यातून गटाचे हप्ते भरत होते. मार्चमध्ये शेवटचे दोन राहिले, तर सुनेने एकाचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हटलं. ती म्हणाली, पाळणा माझ्या झोपेसाठी घेतला होतात ना, मग अर्धी झोप माझी.

बैठकीला गेले. पैसे द्यायला उठले तेव्हा तीच मागची बाई म्हणाली, "काय गं, पाळणा हलला का मंग?"

एरवी मी खाली बसले असते. त्या दिवशी काय झालं ठाऊक नाही, मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गाय, अंगठा, माझा चालणारा पाय, ह्यांचा खोकला, सगळं. बायका हसून हसून आडव्या झाल्या. मग हसता हसता दोघीतिघी आपापल्या पायांकडे बघू लागल्या. एकीची लेक बाळंतपणाला आलेली आहे, तिने हळूच विचारलं की तो पाळणा रिकामा असेल तर नेऊ का. मी म्हटलं ने, पण त्याची वायर मी काढून ठेवलीय, त्यात दुपटी ठेव, आणि मांजराची समजूत तू घाल.

अध्यक्ष बाईंनी डोळे पुसले, माझ्या नोटा दोनदा मोजल्या, आणि माझ्या कर्जाच्या पानावर आडवी रेघ मारून सही करायला पेन माझ्या हातात दिलं. सगळे पैसे फिटले.